एक्सरे झकास, मार्क मात्र जेमतेम: मग ऑपरेशनचा फायदा झाला का?

तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, थोडं कापून देते.

"मॅडम नमस्कार. माझं वय ४३, घरची द्राक्षबाग आहे. धाकट्याच्या बाळंतपणापासून उजव्या कुल्ल्याच्या वरच्या बाजूला दुखायचं. एमआरआय काढला तर मणक्यात विशेष काही नाही म्हणाले. शेवटी एसआय जॉइंटमध्ये (माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड आणि कमरेच्या बाजूचं हाड जिथं जुळतं तो सांधा) इंजेक्शन देऊन बघितलं, तेव्हा दोन तास दुखणं निम्म्याच्यावर कमी झालं, म्हणून मग दिवाळीनंतर मिरजेत एसआय जॉइंट फ्यूजनचं, म्हणजे इम्प्लांट घालून सांधा हलायचा थांबवायचं ऑपरेशन केलं. छोट्या छेदातून तीन इम्प्लांट घातलेत. आता चार महिने झाले. परवा दाखवायला गेलो तर डॉक्टर एक्सरे बघून म्हणाले एकदम झकास बसलंय. पण तिथल्या मुलीनं दहा प्रश्नांचा फॉर्म भरून घेतला आणि बेरीज करून म्हणाली, ऑपरेशनच्या आधी ४९ होते, आता ४२ आहेत, म्हणावा तसा फरक नाही. आधीचा फॉर्म आमच्या ह्यांनी भरला होता, मी तेव्हा बाकड्यावर आडवी झाले होते. आताचा मी भरला. एक प्रश्न दोन्ही वेळेला रिकामा सोडला, तो नवरा-बायकोचा. घरी सासूबाई रोज विचारतात, एवढे पैसे घातले, दुखायचं थांबलं का नाही तेवढं सांग. मला खरंच सांगता येईना. रात्री कूस बदलताना आता पहिल्यासारखा जीव जात नाही, पण बेदाणा निवडायला बसलं की तासाभरात दुखायला लागतं. ऑपरेशन फेल गेलं का? का मीच फॉर्म चुकीचा भरला?"

ताई, तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही अगदी जाता जाता लिहिलंय, आणि माझ्या मते सगळं तिथंच अडलंय. आधीचा फॉर्म ह्यांनी भरला होता. आधीचं माप तुमच्या मालकांच्या नजरेनं घेतलंय आणि आताचं तुमच्या, म्हणजे एक पेटी एका काट्यावर तोलायची, दुसरी दुसऱ्याच काट्यावर, आणि मग म्हणायचं माल एवढाच भरला. तुमचे मालक खोटं लिहिणार नाहीत हे मला मान्य आहे, पण त्यांना दिसतं तेवढंच ते लिहिणार ना. तुम्ही दिवसभर बागेत चालताना त्यांना दिसता, मग "चालणं" ह्या प्रश्नाला त्यांनी काही अडचण नाही असं टिक केलं असणार. रात्री तुम्ही कूस बदलायच्या आधी दोन मिनिटं दात आवळून पडून असायचा, तेव्हा ते झोपलेले होते, मग झोपेच्या प्रश्नाला पण तसंच.

हा फॉर्म म्हणजे ओस्वेस्ट्री, सगळे ओडीआय म्हणतात. इंग्लंडमधल्या ओस्वेस्ट्री गावच्या हॉस्पिटलात तयार झाला आणि १९८० मध्ये छापून आला. मराठीतला फॉर्म आपल्या पेशंटांवर बरोबर चालतो का ते तपासून बघितलेलं आहे, २०१३ मध्ये तो अभ्यास आलाय, त्यामुळे भाषेची अडचण नको, मराठीच फॉर्म मागा. दहा प्रश्न असतात: दुखणं किती आहे, अंघोळ-कपडे, वजन उचलणं, चालणं, बसणं, उभं राहणं, झोप, नवरा-बायकोचा संबंध, चारचौघांत जाणं-येणं आणि प्रवास. प्रत्येकाला ० ते ५. शून्य म्हणजे काही त्रास नाही, पाच म्हणजे जमतच नाही. सगळ्यांची बेरीज ५० पैकी, आणि त्याचे टक्के काढायचे. एक प्रश्न सोडला तरी फॉर्म बाद होत नाही, मग ४५ पैकी टक्के काढतात. त्यामुळे तो प्रश्न सोडल्याचं मनाला लावून घेऊ नका. दोन्ही वेळेला सोडलाय ते उलट बरंच झालं, तुलना तरी सारखी राहिली. (सांगली-साताऱ्याकडच्या बायका तो प्रश्न हमखास सोडतात आणि कितीतरी जणींना खरा त्रास तिथंच असतो, एसआय जॉइंटच्या दुखण्यात तर विशेष. डॉक्टरांसमोर नको वाटत असेल तर लेडी फिजिओला सांगा, पण कुणाला तरी सांगा.)

आता तुमचे आकडे बघू. ४५ पैकी २२ झाले की टक्के येतात ४९, आणि १९ झाले की ४२. म्हणजे कागदावर फरक ७ पॉइंटचा. कंबरदुखीत साधारण १० पॉइंट उतरले तर पेशंटला जाणवण्यासारखा फरक पडला असं धरतात, आणि मणक्याच्या फ्यूजनच्या ऑपरेशनसाठी अमेरिकेच्या एफडीएनं (तिकडचं औषधं-इम्प्लांट तपासणारं सरकारी खातं) १५ पॉइंट धरलेत. त्या हिशोबानं ७ कमीच, त्यामुळे ती मुलगी तिच्या जागी चुकीचं बोलली नाही. पण समजा ह्यांनी चालणं, झोप आणि प्रवास ह्या तीन प्रश्नांत दोन-दोन मार्क कमी लिहिले असतील, तर खरी बेरीज २२ नाही, २८ होती, म्हणजे ६२ टक्के. मग ६२ वरून ४२, फरक २० पॉइंटचा, आणि हेच ऑपरेशन एकदम यशस्वीच्या यादीत जातं! तुमच्या शरीरात काही बदललेलं नाही, पेन कुणाच्या हातात होतं तेवढंच बदललं.

पण लगेच असं धरून चालू नका की खरा फरक २० चाच आहे. मी हे समजा म्हणून सांगितलंय. आता मागं वळून आठवायला लागलं की माणूस आधीचं दुखणं कधी फुगवून आठवतो कधी कमी आठवतो, आणि ऑपरेशनला पैसे गेलेले असतात तेव्हा तर आठवण आणखीच हलते. म्हणून जुना फॉर्म खोडायचा नाही, बदलायला पण लावायचा नाही. फक्त हॉस्पिटलात सांगायचं की बाई, आधीचा फॉर्म माझ्या नवऱ्यानं भरला होता, तशी नोंद फाईलवर करा. आणि त्या फॉर्मची झेरॉक्स मागून घ्या, फाईल तुमची आहे, मागायला लाजायचं कारण नाही. घरी आणून एकेक प्रश्न वाचा, कुठं ह्यांचं उत्तर तुम्हाला पटत नाही तिथं पेन्सिलीनं बाजूला खूण करा. मग पुरावा शोधा. जुन्या चिठ्ठ्यांवर किती गोळ्या लिहून दिल्यात, गेल्या सीझनला तुम्ही विरळणीला गेला होता का घरी बसला होता, यष्टीनं माहेरी जायचं कधीपासून बंद केलं, फिजिओकडं गेला असाल तर त्यांच्या कार्डावर काय लिहिलंय. आठवणीपेक्षा असला कागद आणि असली गोष्ट जास्त खरी असते.

आता एक्सरेचं. डॉक्टर झकास म्हणाले ते खरंच म्हणाले असणार. एक्सरेत दिसतं की इम्प्लांट कमरेच्या बाजूच्या हाडातून आरपार माकडहाडाच्या वरच्या त्या तिकोनी हाडात नीट गेलेत, नस बाहेर पडायच्या भोकाच्या लांब आहेत, जागचे हललेले नाहीत. हे सगळं महत्त्वाचं आहे, इम्प्लांट नसेवर टेकला तर पुन्हा ऑपरेशन करायची वेळ येते. पण हाड खरंच जुळलंय का हे चार महिन्यांच्या एक्सरेवरनं कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, हाड चढायला बराच वेळ लागतो आणि ते बघायला सीटी स्कॅन लागतो, इम्प्लांटच्या भोवती काळी कड दिसतेय का, म्हणजे तो ढिला झालाय का, हे पण सीटीवरच नीट कळतं. आणि हाड जुळलं तरी दुखणं गेलं असं होत नाही, उलट हाड पूर्ण जुळायच्या आधीच पुष्कळ जणांना आराम पडतो कारण सांधा हलायचा थांबलेला असतो. एक्सरे हे डॉक्टरांच्या कामाचं माप आहे, तुमच्या दिवसाचं नाही. दोन्ही लागतात, पण एकाचं काम दुसऱ्याला सांगू नका.

ओडीआयची पण एक मोठी उणीव आहे आणि ती आपल्याकडच्या बायकांना फार नडते. त्यातला बसण्याचा प्रश्न खुर्चीवर बसण्याचा आहे. आवडीच्या खुर्चीत किती वेळ बसता येतं असं विचारतात! आता तुम्ही दिवसभरात खुर्चीवर बसता कधी? जमिनीवर मांडी घालून बेदाणा निवडायचा, चुलीपुढं उकिडवं बसायचं, गाडीवर मागं एका बाजूला पाय टाकून बसायचं, यष्टीची ती उंच पायरी एका पायावर चढायची. एसआय जॉइंटवर नेमका ह्याच गोष्टींनी ताण येतो, एका कुल्ल्यावर वजन, एका पायावर उभं राहणं, कमरेतनं वळणं, आणि ह्यातलं त्या फॉर्ममध्ये जवळजवळ काहीच नाही. म्हणून फॉर्मच्या जोडीला तुमची स्वतःची यादी करा. ही माझ्या डोक्यातनं निघालेली गोष्ट नाही, फिजिओथेरपीत त्याला पेशंट स्पेसिफिक फंक्शनल स्केल म्हणतात आणि जगभर वापरतात. तुम्हाला नडणारी तीन ते पाच कामं तुम्हीच निवडायची, आणि प्रत्येकाला ० ते १० मार्क द्यायचे, इथं उलटं असतं बरं का, शून्य म्हणजे अजिबात जमत नाही आणि दहा म्हणजे दुखण्याच्या आधी जमायचं तसं.

तुमच्या पत्रावरनं मी अशी यादी करेन: रात्री कूस बदलणं, एक तास मांडी घालून बेदाणा निवडणं, यष्टीची पायरी चढणं, गाडीवर मागं बसून तासगावला जाणं. आजच्या तारखेनं मार्क लिहा आणि ती वही बंद करून ठेवा. महिन्यानं पुन्हा मार्क द्याल तेव्हा आधीचे बघायचे नाहीत, आधी लिहायचं मग पान उलटायचं. एका कामात तीन मार्कांचा फरक किंवा सगळ्यांच्या सरासरीत दोनचा फरक आला तर तो खरा धरा, त्यापेक्षा कमी असेल तर तो आजचा दिवस चांगला होता का वाईट होता एवढाच असू शकतो.

दुखण्याला मार्क द्यायचे तेव्हा पण एक काळजी घ्या. "कंबर किती दुखते?" असं कुणी विचारलं की तुम्ही सगळ्या दुखण्याची मिळून बेरीज सांगता. एसआय जॉइंटचं दुखणं बहुतेक वेळा एका बोटानं दाखवता येतं, कमरेखाली जी खळी दिसते तिच्या आसपास. मणक्याचं दुखणं मधोमध किंवा त्याच्या वर पट्ट्यासारखं असतं, खुब्याचं जांघेत येतं. तीन जागा वेगळ्या करा आणि तिघींना वेगळे मार्क द्या. असं खूप वेळा होतं की एसआयचं दुखणं ८ वरनं ३ वर आलेलं असतं पण कंबर तेवढीच दुखत असते, आणि बाई सांगते काही फरक नाही. किंवा उजवीकडचं गेलं आणि आता डावीकडं सुरू झालं. बेदाणा निवडताना तासाभरानं जे दुखतं ते नेमकं कुठं दुखतं हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, आणि माझा सगळ्यात मोठा प्रश्न तोच आहे. पुढच्या वेळी बसाल तेव्हा दुखायला लागलं की लगेच बोट ठेवून बघा, जुन्याच जागी आहे का दुसरीकडं. जुन्याच जागी असेल तर डॉक्टरांना त्या सांध्याकडं पुन्हा बघावं लागेल, दुसरीकडं असेल तर गोष्टच वेगळी आहे.

आणि मार्कांच्या शेजारी गोळ्या लिहा, किती आणि कुठल्या. आधी दिवसाला तीन गोळ्या घेऊन ५ दुखायचं आणि आता एकही गोळी न घेता ५ दुखतं, तर ५ आणि ५ सारखे नाहीत ना. तसंच कामाचं. समजा दिवाळीच्या आधी खाली बसून काम होत नव्हतं आणि आता बेदाणा निवडायला बसताय, म्हणजे काम वाढलंय. काम वाढून दुखणं तेवढंच राहिलं तर ती सुधारणाच आहे, पण नुसत्या दुखण्याच्या आकड्यात ती कधीच दिसणार नाही.

एक तपासणी फिजिओकडं जाऊन करून घ्या, घरी एकटीनं नको. उताणं झोपून गुडघा सरळ ठेवून एक पाय वीतभर उचलायचा, किती जड जातं ते ० ते ५ मध्ये सांगायचं, मग दुसरा पाय. एसआय जॉइंट ढिला असेल तर त्या बाजूचा पाय शिशासारखा जड लागतो. दुसरी, हात छातीवर बांधून खुर्चीवरनं पाच वेळा उठायचं-बसायचं आणि घड्याळ लावायचं, खुर्ची दर वेळेला तीच पाहिजे. ह्यात शरीर काय करतं ते दिसतं, फॉर्ममधनं सुटलेलं पुष्कळ इथं सापडतं.

आता फेल का पास ते. ह्या ऑपरेशनचे जे मोठे अभ्यास झाले त्यात कशाला यश धरलं होतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला कळेल की "दुखायचं थांबलं का नाही" असा प्रश्न कुणी विचारतच नाही. अमेरिकेत १९ ठिकाणी मिळून १४८ पेशंटांचा अभ्यास झाला, २०१५ मध्ये छापून आला, तिकोनी टायटॅनियमचे इम्प्लांट वापरलेले. त्यात यश म्हणजे चार गोष्टी एकत्र: सहा महिन्यांनी एसआयचं दुखणं १०० च्या पट्टीवर निदान २० नं उतरलं पाहिजे, इम्प्लांटमुळं काही गंभीर झालेलं नको, नसेची ताकद कमी झालेली नको, आणि पुन्हा ऑपरेशन करावं लागलेलं नको. २० नं उतरलं पाहिजे, शून्यावर आलं पाहिजे असं नाही! ऑपरेशन झालेल्यांत साधारण ८१ टक्के लोक ह्या मापात बसले आणि ज्यांना फक्त व्यायाम-इंजेक्शन-औषधं दिली त्यांच्यात २४ टक्के. सहा महिन्यांनी त्या दुसऱ्या गटातल्या लोकांना पण ऑपरेशन करून घ्यायची मुभा होती, बहुतेकांनी घेतलं, त्यामुळे त्यापुढं दोन गटांची तुलनाच उरली नाही.

आकडा मोठा दिसतो, पण मी तुम्हाला अर्धंच सांगून गप्प बसणार नाही. त्या अभ्यासात प्रत्येक पेशंटला माहीत होतं की आपलं ऑपरेशन झालंय का नाही, आणि दुखण्याचे मार्क पेशंटच देतो. मग नॉर्वे आणि स्वीडनमध्ये डॉक्टरांनी ६३ पेशंट घेऊन वेगळा अभ्यास केला, तो २०२४ मध्ये आला. साधारण निम्म्यांना खरं ऑपरेशन, बाकीच्यांना नुसता छेद देऊन टाके घातले, इम्प्लांट काहीच नाही, आणि सहा महिने पेशंटलाही सांगितलं नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. दोन्ही गटांचं दुखणं उतरलं. खऱ्या ऑपरेशनवाल्यांचं थोडं जास्त उतरलं, पण तो फरक एवढा लहान होता की तो योगायोगानं पण आला असता. हे वाचून मला स्वतःला थांबून विचार करावा लागला, कारण मी रोज अशा बायका बघते ज्या ह्या ऑपरेशननंतर खरंच चालायला लागल्यात.

ह्याचा अर्थ तुमचे पैसे पाण्यात गेले असा काढू नका, एका अभ्यासावर तसं म्हणता येत नाही आणि वेगवेगळ्या अभ्यासांत पेशंट पण वेगवेगळे असतात. अर्थ एवढाच की आधीचे आणि नंतरचे मार्क यांच्यातला जो फरक येतो तो सगळा इम्प्लांटचा नसतो. त्यात विश्रांती असते, फिजिओ असतो, आता बरं होणार ही आशा असते, आणि माणूस ऑपरेशनला जातो तेच दुखणं टोकाला गेल्यावर, टोकावरनं ते थोडं आपोआप पण उतरतं. त्यामुळे दोन प्रश्न वेगळे ठेवा. मी आधीपेक्षा बरी आहे का? ह्याचं उत्तर तुमच्या वहीतनं, फॉर्ममधनं मिळेल. ते इम्प्लांटमुळंच का? हे एका बाईच्या फॉर्मवरनं कुणालाच सांगता येणार नाही, आणि तुम्हाला आता त्याची गरज पण नाही. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांना मात्र त्या दुसऱ्या प्रश्नाची फार गरज आहे, त्यांनी दोन्ही अभ्यास डॉक्टरांपुढं ठेवून विचारावं, मनात ठेवू नये.

चार महिन्यांवर निकाल लावू नका. अभ्यासात पण सहा महिने, एक वर्ष, दोन वर्षं असे टप्पे धरतात, पाच वर्षांपर्यंत मागोवा घेतलेले पेशंट पण आहेत. पहिले काही आठवडे तुम्ही वॉकर घेऊन त्या पायावर कमी वजन टाकत होता, त्यात कुल्ल्याचे आणि मांडीचे स्नायू गळतात, ते भरायला महिने जातात, आणि तुम्ही त्यातच बेदाण्याच्या सीझनला जमिनीवर जाऊन बसलात. रागवत नाही मी, शेड चालू असताना घरच्या बाईनं पाटावर बसून राहायचं हे होत नाही हे मला माहीत आहे. पण निदान उंच पाट किंवा क्रेट पालथं घालून त्यावर बसा, अर्ध्या तासानं उठून शेडला एक फेरी मारा, आणि एकाच कुल्ल्यावर रेलून बसू नका. तंबाखूची मिश्री लावत असाल तर ती पण सोडायचा प्रयत्न करा, तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो आणि सिगारेट ओढणाऱ्या पेशंटांचा ह्या ऑपरेशनचा निकाल कमी लागलेला दिसलाय.

ह्यात एक गोष्ट मार्कांसाठी थांबायची नाही. ऑपरेशननंतर नव्यानं पायात वीज गेल्यासारखी कळ येत असेल, पावलात ताकद कमी वाटत असेल, जांघेत बधिरपणा असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, ताप येतोय, जखमेतनं पाणी येतंय, ह्यातलं एक जरी असलं तरी फॉर्म-बिर्म बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सासूबाईंना काय सांगायचं? त्यांचा प्रश्न वाईट नाही, घरात पैसे गेले की तो प्रश्न येतोच आणि त्यांना हो किंवा नाही एवढंच उत्तर पाहिजे असतं. मी असते तर त्यांना आकडा सांगितला नसता. आई, रात्री कूस बदलताना आता पहिल्यासारखा जीव जात नाही, बेदाणा निवडायला अजून तासापेक्षा जास्त बसता येत नाही, पूर्ण निकाल वर्षानं कळणार आहे, असं सांगितलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि त्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात. "दुखतंय" म्हटलं म्हणजे ऑपरेशनला नावं ठेवली असं होत नाही, आणि "बरं वाटतंय" म्हटलं म्हणजे उद्यापासून डोक्यावर पाटी देता येते असंही नाही. हे ह्यांना पण नीट समजावून सांगा, कारण फॉर्म भरताना ते शेजारी बसले असतील तर तुमचा हात त्यांच्या तोंडाकडं बघून चालणार. डॉक्टर एवढे चांगले आहेत त्यांना वाईट वाटेल म्हणून त्रासाचे मार्क कमी लिहिणाऱ्या बायका पण मी बघितल्यात. डॉक्टरांना खरा आकडाच पाहिजे असतो, त्यावरच ते पुढं सीटी काढायचा का, मणका बघायचा का, का नुसता व्यायाम वाढवायचा ते ठरवतात. आणि दुसऱ्या ऑपरेशनचं कुणी नाव काढलं तर ह्या नीट घेतलेल्या मापांशिवाय हो म्हणू नका.

तर आता ही कामं. ह्या आठवड्यात जुन्या फॉर्मची झेरॉक्स आणि फाईलवर ती नोंद. आजच वहीत चार कामं, तीन जागांचे दुखण्याचे मार्क आणि गोळ्या. मग दर महिन्याच्या त्याच तारखेला, शक्यतो त्याच वेळेला, कारण सकाळचं दुखणं आणि शेडवरनं आल्यावरचं दुखणं सारखं नसतं. सहा महिन्यांचा फॉर्म खरड छाटणीच्या गडबडीनंतर, मे महिन्यात येईल, तेव्हा तुम्ही स्वतः भरा, वाचायला त्रास होत असेल तर तिथल्या मुलीला प्रश्न मोठ्यानं वाचायला सांगा पण उत्तर तुमचंच. आणि त्या वेळेला ४२ शी तुलना करा, ४९ शी नाही, कारण ४२ हे तुमच्या हातनं झालेलं पहिलं खरं माप आहे. फॉर्म झाला की दोन्ही फॉर्मचे आणि वहीच्या पानांचे फोटो नाव झाकून मला पाठवा, मी बघून कळवते.